भूतखात्यातली रात्रपाळी

भुतांचा तपास लावणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठरलेली मूर्ती उभी राहते. वाढलेली दाढी, तांबारलेले डोळे, कपाळावर बोटभर शेंदूर आणि झोळीत लिंबं. विलायतेतला त्याचा व्यवसायबंधू मात्र गुळगुळीत दाढी करून, रेल्वेचं तिकीट काढून कामावर जातो. टॉमस कार्नाकी हा त्यांतला माझा आवडता. मुक्काम ४७२, चेनी वॉक, चेल्सी, लंडन. धंदा भुतं शोधण्याचा. बायकोचा उल्लेख कुठे नाही आणि त्याचं नवलही नाही. मुलगा रात्री काय करतो हे कळल्यावर मुलगी कोण देणार?

१९१० साली 'द आयडलर' या मासिकात विल्यम होप हॉजसन या लेखकानं त्याला कामावर रुजू करून घेतलं. शेरलॉक होम्समुळे गुप्तहेरांच्या गोष्टींना तेव्हा अशी बरकत आली होती की चोर आणि खुनी पुरेनात. मासिकांनी मग मेलेल्यांकडे मोर्चा वळवला. १८९८ मध्ये फ्लॅक्समन लो आला. त्याच्या गोष्टी हेस्केथ प्रिचर्ड आणि त्याची आई केट अशा दोघांनी मिळून लिहिल्या. आईनं मुलाला भुताची गोष्ट सांगावी ही रीत जुनीच, या माउलीनं ती छापून मानधनही मिळवलं. १९०८ मध्ये अल्जर्नन ब्लॅकवुडचा डॉ. जॉन सायलेन्स आला. हा गडगंज श्रीमंत, फी घेत नाही, धर्मादाय दवाखाना चालवावा तसा पछाडलेल्यांना बरं करतो. दोघेही ज्ञानी, धीरगंभीर, आणि खरं सांगायचं तर थोडे कंटाळवाणे. भूत यायच्या आधीच त्यांना सगळं ठाऊक असतं.

कार्नाकीला काही ठाऊक नसतं. म्हणून तो पंचनामा करतो.

'द गेटवे ऑफ द मॉन्स्टर' या गोष्टीतली करड्या रंगाची खोली घ्या. जुना वाडा, जुनं घराणं. रात्री खोलीचं दार धाडधाड आपटतं, आणि सकाळी पलंगावरची पांघरुणं ओढून कोपऱ्यात फेकलेली दिसतात. पूर्वी त्या खोलीत एका पूर्वजाचा, त्याच्या बायकोचा आणि मुलाचा गळा आवळून जीव घेतलेला. आपल्याकडे एवढ्या माहितीवर नारळ फुटला असता. कार्नाकी खोलीत शिरतो आणि भिंती ठोकून बघायला लागतो. मग जमीन, मग छत. मग खिडक्या, कपाटं, धुराडं, भिंतीवरच्या तसबिरी. एकेकीवर बारीक फीत ताणायची, टोकांना लाख लावायची, ठसा उमटवायचा. म्हातारा बटलर दिवेलागण झाली की त्या बाजूला फिरकत नाही, आणि हा गृहस्थ लाख वितळवत बसलाय. रात्रभर दार आपटतं. सकाळी हा पहिलं काम काय करतो, तर सगळी सिलं जागच्या जागी आहेत का ते तपासतो. सगळी शाबूत! एखाद्या कारकुनाला वर्षअखेरीचा हिशेब जुळल्यावर वाटेल तसं समाधान आणि त्यामागोमाग जे समजतं ते. सिलं शाबूत आहेत याचा अर्थ दार माणसानं आपटलेलं नाही.

त्याच्या धंद्याची खरी गंमत इथं आहे. भूत आहे हे सिद्ध करायला तो निघतच नाही. तो निघतो चोर पकडायला. चोर सापडला नाही की मग नाइलाजानं घाबरतो.

घाबरण्याची वेळ आली की मात्र सामान बाहेर निघतं, आणि ते सामान दोन निरनिराळ्या शतकांतलं असतं. त्याच्याकडे सिगसँड नावाची चौदाव्या शतकातली पोथी आहे (हॉजसननं कल्पनेनं लिहिलेली). तिच्या आधारे खडूचं वर्तुळ, त्यावर लसणाचा हात, पाण्यानं भरलेली भांडी, मेणबत्त्या, कापडात बांधलेले पावाचे तुकडे. एवढं मांडून झालं की पेटीतून निघतो विजेचा पंचकोन. काचेच्या नळ्या, आतली हवा काढून घेतलेली, एकमेकींत गुंतवून ताऱ्याच्या आकारात बसवलेल्या. तारा जोडायच्या, बॅटरी सुरू करायची, की फिक्कट निळा उजेड पडतो. मधे कार्नाकी मांडी घालून. लसणावर विश्वास आहे म्हणून विजेवर नाही असं नाही, आणि उलटही नाही. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून मग पासवर्ड टाकणाऱ्या माणसाला यात विसंगती दिसू नये.

एवढा बंदोबस्त, आणि तो फसतो कशानं? पंचकोनातल्या पहिल्या रात्री त्याच्याच हालचालीनं पाण्याचं एक भांडं जागचं सरकतं आणि कुंपणाला भगदाड पडतं. थोडक्यात वाचतो. त्यानं सोबत नेलेल्या मांजराचं नशीब तेवढं जोरावर नसतं. पुढच्या तपासात खोलीच्या कोपऱ्यात घराण्याची जुनी अंगठी सापडते. हा पुरावा हातचा जाऊ नये म्हणून दुसऱ्या रात्री तो ती घेऊन पंचकोनात बसतो. आणि भूत यायचा रस्ता नेमका त्या अंगठीतूनच असतो! बाहेरच्यासाठी सगळी तटबंदी केली आणि चोराला आपण होऊन मांडीवर घेतला. पंचकोनात एक राक्षसी हात उगवायला लागल्यावर कार्नाकी टुणकन बाहेर उडी मारतो. मग कळतं की त्याचं यंत्र अव्वल दर्जाचं आहे: भुताला बाहेर येता येत नाही. आतल्या-बाहेरच्या जागांची अदलाबदल झाली, एवढंच. सकाळी अंगठी वितळवून टाकली आणि प्रकरण निकाली.

या गृहस्थाचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे तो पळतो. बिनदिक्कत पळतो, आणि नंतर तसं सांगतो. 'द थिंग इन्व्हिजिबल'मध्ये एका किल्ल्यातल्या प्रार्थनागृहात जुना खंजीर आपण होऊन माणसावर झेपावतो म्हणून हा चिलखत चढवून रात्र काढायला बसतो. अंधारात लोखंडी सदऱ्यात बसलेला विसाव्या शतकातला माणूस. जरा हललं की आपलाच आवाज, आणि त्या आवाजानं आपलीच गाळण. अखेर बोबडी वळते आणि तो चिलखतासकट धूम ठोकतो. आयर्लंडमधल्या 'द हाउस अमंग द लॉरल्स'मध्ये तर पोलीस आणि दांडगे शिकारी कुत्रे बरोबर आहेत. मेणबत्त्या आपोआप विझतात, छतातून रक्ताचे थेंब टपकतात, एका कुत्र्याची मान मोडते, आणि सरकार, श्वानपथक व सल्लागार असे तिघेही एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडतात.

पण पळताना तो कॅमेरा विसरत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण खरी आहे, तरी ब्रह्मराक्षसाचा फोटो काढून ठेवणारा भित्रा मी दुसरा पाहिलेला नाही. आयर्लंडच्या त्या घरातल्या फोटोची काच नीट न्याहाळल्यावर त्याला दरवाजाच्या वरून उतरलेली तार आणि आकडा दिसतो. गुन्हेगारांच्या टोळीनं ती पडीक हवेली अड्डा म्हणून धरली होती, आणि माणसं दूर राहावीत म्हणून रक्ताची व्यवस्था केली होती. आणि खंजिराचं भूत? घरातल्या म्हाताऱ्या मालकानं वेदीच्या फाटकात रोज रात्री नेमानं लावून ठेवलेला स्प्रिंगचा सापळा! पूर्वजांनी चोरांसाठी बसवलेला, म्हाताऱ्यानं घराण्याचं गुपित म्हणून पाळलेला.

म्हणजे भूत नाहीच, असं म्हणून निर्धास्त व्हावं, तर 'द व्हिसलिंग रूम' येते. गॉलवेजवळच्या एका किल्ल्यात एक खोली रात्री शीळ घालते. नवा मालक टॅसॉक एका मुलीच्या प्रेमात, गावात त्याचे प्रतिस्पर्धी पुष्कळ. उघड आहे, कोणीतरी चावटपणा करतंय. कार्नाकी किती तरी दिवस हा चावट शोधतो. भिंती, मजले, धुराडं, सगळं होतं. शेवटी बाहेरून शिडी लावून खिडकीतून डोकावतो, आणि खोलीची जमीन फुगून तिचे दोन अवाढव्य ओठ झालेत आणि ते शीळ घालताहेत असं दृश्य दिसतं. वाचताना हसू येतं, आणि लगेच दिवा लावावासा वाटतो. मराठीत हे दोन्ही एकदम करणारं भूत मला अजून भेटलेलं नाही.

'द हॉर्स ऑफ द इन्व्हिजिबल'मध्ये तर त्यानं कमाल केली आहे. एका घराण्यातल्या थोरल्या मुलीचं लग्न जमलं की अदृश्य घोडा टापा वाजवत मागे लागतो. तपासाअंती घोडा सापडतो: मुलीवर एकतर्फी प्रेम करणारा नातेवाईक, डोक्यावर घोड्याचं मुंडकं आणि हातात खूर. सगळे हुश्श करतात. आणि एवढ्यात जिन्यावरून टापा ऐकू येतात. आता मुंडकं तर समोर पडलंय!

स्कूबी-डू ही १९६९ पासूनची कार्टून मालिका पाहिलेल्यांना पक्कं माहीत असतं की मुखवटा ओढला की आत गावचा कोणी लबाड निघणार. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमात भूत हे भूतच. कार्नाकीकडे पैसे भरून आलेल्या अशिलाला यांतलं काहीही मिळू शकतं, कधी दोन्ही. त्यामुळे त्याला व्याख्यानाला कोणी बोलावणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना तो अर्धा चालेल, अध्यात्मवाल्यांना उरलेला अर्धा.

आपल्याकडे हा धंदा का रुजला नाही याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. कोकणात भुताला कायम पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, समंध पुरलेल्या धनावर, देवचार वेशीवर राखणीला. कोणाला काय लागतं तेही ठरलेलं. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, कोंबडा किंवा नारळ पोचता करायचा, मिटलं. जिथं आरोपीचं नाव, गाव आणि आवडनिवड पंचक्रोशीला पाठ आहे, तिथं लंडनहून माणूस बोलावून फिती कशाला ताणायच्या? छापील मराठीत नारायण धारपांनी भुतांशी लढणारे समर्थ उभे केले, अप्पांना त्यांच्या जोडीला दिलं. पण समर्थांची तऱ्हा वेगळी. समर्थ आले की वाचकाला हायसं वाटतं. कार्नाकी आला की काळजी वाढते. आता याला कोण सोडवणार?

त्याची जेवणावळ हा स्वतंत्र विषय आहे. प्रकरण संपलं की तो चार मित्रांना चिठ्ठी पाठवतो: जेसप, आर्कराइट, टेलर आणि गोष्ट सांगणारा डॉजसन. चौघेही वेळेवर हजर. जेवताना कामाचा विषय काढायचा नाही हा नियम. जेवण झालं की कार्नाकी आरामखुर्चीत बसतो, पाइप पेटवतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटाच बोलतो. चौघे ऐकतात. शेवटी एखाददुसरी शंका. मग यजमान दिलखुलासपणे म्हणतो, चला, निघा आता! आणि चौघे नदीकाठच्या थंडीत चालू लागतात. दर गोष्टीत हेच.

माझी हरकत निघा म्हणण्याला नाही, जरी आपल्याकडे निघतो म्हटल्यापासून चपला सापडेपर्यंत अर्धा तास आणि फाटकाशी आणखी अर्धा तास हा किमान दर आहे. मला पटत नाही ते त्या चौघांचं गप्प बसणं. मराठी घरात कोणी भुताची गोष्ट सुरू करून पुरी करून दाखवावी! दार आपटलं या वाक्यापर्यंत तो पोचला रे पोचला की जेसप म्हणणार, अरे, आमच्या काकांना कशेडी घाटात अगदी असंच. आर्कराइट म्हणणार, पांढरी साडी होती का? लिफ्ट मागितली असेल. टेलरचे मेहुणे वीज मंडळात, त्यांना सबस्टेशनमागे दिसलेलं. डॉजसन अशावेळी हटकून विचारणार की अमावास्या होती का. तोवर आतून चहा येणार, आणि चहा आणणाऱ्या वहिनींनी माहेरच्या विहिरीतला प्रकार काढला की कार्नाकीचा पंचकोन बॅटरीसकट तसाच राहणार. चार इंग्रज मिळून एकाला एकही काका नाही, ही मला या पुस्तकातली सगळ्यात अनैसर्गिक घटना वाटते.

काका नाही, पण खुद्द कार्नाकीला आई आहे. 'द सर्चर ऑफ द एंड हाउस'मध्ये तो तिच्यासोबत ॲपलडोर गावी भाड्याच्या घरात राहतोय. रात्री उशिरापर्यंत काही लिहीत बसलाय. वरून ठकठक ऐकू येते. आई, दुसरं कोण! झोपायला ये म्हणून सांगतेय. भुतांवर दरारा असलेला हा इसम मुकाट उठून वर जातो, तर आई गाढ झोपलेली. पुढे कुजका वास, जमिनीवर लहान मुलाच्या ओल्या पावलांचे ठसे, असं वाढत जातं. घरमालकाला घराची कीर्ती आधीपासून माहीत होती; त्यानं ती सांगितली नव्हती. भाडेकरू शोधणाऱ्या घरमालकांची ही परंपरा ॲपलडोरपासून आमच्या गल्लीपर्यंत अखंड आहे.

मग पोलिसांना घेऊन पहारा बसतो. तळघरातल्या विहिरीतून सापडतो तो पूर्वी त्याच घरात राहिलेला कप्तान टोबायस, जुना चोरटा व्यापारी, तुरुंगातून सुटून परतलेला. वासाचा उलगडा होतो. पण त्याच पहाऱ्यात कार्नाकीला एक मूल पळताना दिसलं, घरमालकाला कोणाला तरी शोधणारी बाई दिसली, आणि एकानं पाहिलं ते दुसऱ्याला दिसलं नाही. दोन साक्षीदार, एक जागा, दोन भुतं. पंचनाम्यावर सही कोण करणार? कार्नाकी त्याची काही उपपत्ती सांगतो, पण कप्तानाच्या खात्यावर ते दोघं घालत नाही. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर सगळंच कप्तानाच्या माथी मारून मोकळा झाला असता.

हा चिवटपणा हॉजसनच्या अंगचाच. तरुणपणी तो जहाजावर होता, नंतर ब्लॅकबर्नमध्ये त्यानं व्यायामशाळा काढली. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये जादूगार हूडिनी त्या गावात आला. मला कोणीही जखडा, सुटलो नाही तर २५ पौंड, असं त्याचं आव्हान. हॉजसन स्वतःच्या बेड्या आणि साखळ्या घेऊन रंगमंचावर चढला. हूडिनीनं तक्रार केली की या कुलपांशी काही खटपट केलेली दिसते. हॉजसन बधला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या माणसानं सांधे बघून आवळलेल्या त्या साखळ्या. मधे रक्त गोठतंय, जरा सैल करा म्हटलं तरी त्यानं केल्या नाहीत. जवळजवळ दोन तासांनी हूडिनी सुटला, कपडे फाटलेले, हात रक्ताळलेले. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आपल्यापुढे चमत्कार होतोय म्हटल्यावर हात जोडण्याऐवजी साखळी आणखी एक वेढा घट्ट करणारा हा माणूस. आठ वर्षांनी त्यानं भूत शोधायला माणूस नेमला, तर त्याच्या हाती लाखेची कांडी येणार नाही तर काय?

आणि होम्सचा जन्मदाता? १९१७ मध्ये कॉटिंगली गावातल्या दोन मुलींनी ओढ्याकाठी पऱ्यांसोबत काढलेले फोटो पुढे आर्थर कॉनन डॉइल यांच्या हाती आले. त्यांनी १९२० मध्ये 'स्ट्रँड' मासिकात ते खरे म्हणून छापले आणि १९२२ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. कागदाच्या पऱ्या टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या मुलींनी म्हाताऱ्या झाल्यावर, १९८३ मध्ये, कबूल केलं. सिगारेटच्या राखेवरून गुन्हेगार ओळखणारा होम्स ज्यांनी निर्माण केला, त्यांना टाचणी दिसली नाही. कार्नाकीला बोलावलं असतं तर त्यानं आधी मुलींना विचारलं असतं, घरात टोप्या किती?

हॉजसन १९१८ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या आघाडीवर तोफगोळ्यानं मारला गेला. १९१३ च्या पुस्तकात कार्नाकीची सहाच प्रकरणं होती. पण हा धंदाच असा की लेखक गेल्यानं काम थांबत नाही. १९२९ मध्ये एका पछाडलेल्या जहाजाचं सातवं प्रकरण छापून आलं. १९४७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीतून ऑगस्ट डर्लेथनं नऊ प्रकरणांची आवृत्ती काढली, होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट आणि होम्सचा वैरी कर्नल मोरान यांची नावं लावलेल्या प्रकाशनातून. त्यांत एका दुर्मीळ पुस्तकाच्या लबाडीचं एक, ज्यात भूत औषधालाही नाही, आणि एक 'द हॉग', ज्यात रंगीत काचेच्या वर्तुळांपलीकडून एक प्रचंड डुक्कर वर येतं.

लेखकाला जाऊन एकोणतीस वर्षं झालेली आणि नवी गोष्ट ताजी. काही वाचकांनी लगेच कुजबूज सुरू केली की ही डर्लेथनंच लिहिली असणार. डर्लेथ म्हणे, कागद हॉजसनचेच. म्हणजे पुन्हा तोच जुना सवाल, माणूस की मेलेला. पण सॉक सिटीच्या त्या कचेरीतल्या कपाटांना लाख लावून रात्रभर बसायला कोणी गेलं नाही.